उंबरठ्याचा हक्क

दलाल म्हटलं की लोकांची नाकं आपोआप मुरडतात. घर विकलं गेलं तर घर चांगलं होतं म्हणून गेलं, आणि नाही गेलं तर दलाल कुचकामी. दलाली द्यायची वेळ आली की भली भली माणसं असे काही खिसे चाचपतात की बघणाऱ्याला दया यावी. किल्लीताईला हे सगळं तोंडपाठ होतं. तिला त्याचा राग यायचा, पण राग गिळून हसायचं कसं, हेही ती याच धंद्यात शिकली होती.

किल्लीताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. तिच्या पिशवीत बंद घरांच्या किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असायचा, की ती जिना चढायला लागली की वरच्या मजल्यावर आधी किल्ल्या पोचायच्या, मग ताई. स्वतः ती लग्नाच्या भानगडीत पडली नाही. मी लग्नं लावली ती माणसांची घरांशी, आणि त्यातली बरीच टिकली, असं ती म्हणायची.

धंद्यात तिला आणलं दादाने, तिच्या थोरल्या भावाने. चौकात, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी दोघांचं एका खोलीचं ऑफिस होतं. समोरासमोर दोन टेबलं. रस्त्याकडचं दादाचं, भिंतीकडचं ताईचं. दादाकडे घर विकणारे बसायचे, ताईकडे घर घेणारे. कारण दादाचा एक नियम होता आणि तो त्याने शेवटपर्यंत मोडला नाही. एका व्यवहारात एका दलालाने एकच बाजू घ्यायची.

नवख्या गिऱ्हाइकाला तो हे निवांत समजावून सांगायचा. गावातली रीत अशी, की विकणारा आपल्या दलालाला शेकडा दोन देतो आणि घेणारा आपल्या दलालाला शेकडा दोन. तसं पाहिलं तर सगळेच पैसे घेणाऱ्याच्या खिशातून निघतात आणि विकणाऱ्याच्या हातून गळतात, तेव्हा रडायचंच असेल तर दोघांनी मिळून रडा, असं म्हणून दादा खोकल्यासारखं हसायचा. मग मुद्द्यावर यायचा. विकणाऱ्याला भाव चढा हवा असतो, घेणाऱ्याला उतरता. दोन्हीकडून खाणारा दलाल मग कुणाशी भांडणार? त्याला फक्त व्यवहार उरकायचा असतो. भाव पडला तर त्याच्या वाट्यातून जातं चिमूटभर, घरवाल्याच्या हातून जातं पसाभर. म्हणून दलाल दोन हवेत आणि ते खरोखर भांडणारे हवेत.

आणि भांडायची कशी ही भावंडं! गिऱ्हाइकांना वाटायचं, आता एकमेकांच्या डोक्यात पेपरवेट घालतात की काय. ताई घेणाऱ्याच्या बाजूने भाव खाली ओढायची, दादा विकणाऱ्याच्या बाजूने वर ताणायचा. ज्याला माघार घ्यायची असेल तो तोंडाने काही बोलायचा नाही, बोटं मुडपून टेबलावर दोनदा टकटक करायचा. टकटक झाली की भाव ठरला. मग दोघं एकाच डब्यातून जेवायला बसायची.

दादाच्या आणखी काही सवयी होत्या. कुणाचंही घर दाखवायचं असलं की तो बूट दाराबाहेर काढायचा, टोकं जिन्याकडे करून. आपण इथे राहायला आलेलो नाही हे घराला कळलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आत गेला की आधी सगळे नळ सोडायचा, कारण माणूस खोटं बोलेल, पाणी बोलणार नाही. आणि गिऱ्हाइकाला आधी खोट दाखवायचा, मग खिडकी. ताई सुरुवातीला त्याला वेड्यात काढायची. पण दादाने विकलेल्या घरावरून पुढे कधी तंटा झाला नाही, हे तिलाही कबूल करावं लागलं.

गावातल्या सगळ्या दलालांचा मिळून एकच कायदा होता. त्याला ते उंबरठ्याचा हक्क म्हणायचे. घेणाऱ्याला ज्याने त्या घराच्या उंबरठ्याआत पहिल्यांदा नेलं, घेणाऱ्याची दलाली त्याची. मग पुढे दुसरे कुणी कितीही खेटे घालोत, कागद करून देवोत, हक्क पहिल्याचाच. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण जो मोडेल त्याला दुसरा दलाल पुन्हा किल्ली देत नसे, आणि किल्ली मिळाली नाही की दलाल संपला.

थंडीच्या दिवसांत दादा गेला. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. मागे राहिली वहिनी आणि तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं घर. लिफ्ट नाही आणि वहिनीचे गुडघे कधीच कामातून गेलेले. लेकीने तिला आपल्याकडे नेलं. जावई भला माणूस, पण जागा दोन खोल्यांची आणि माणसं आधीच चार. वहिनी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायची आणि सगळे उठायच्या आत चादरीची घडी करून, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून गॅलरीत जाऊन बसायची. आयुष्यभर स्वतःच्या घरात राज्य केलेली बाई ती. ताईला ते बघवत नसे.

ताईने तिच्यासाठी एक जागाही हेरून ठेवली होती. एका म्हाताऱ्या शिंप्याची, तळमजल्यावरची, मागे वीतभर अंगण असलेली. शिंपी मुलाकडे निघाला होता. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला, पुढे नाही. दादाचं घर मागितलेल्या भावाला गेलं तर ती जागा येत होती. त्याच्या खाली गेलं तर नाही. वहिनीने ती जागा बघायलासुद्धा नकार दिला. हातात पैसे आल्याशिवाय बघणार नाही, म्हणाली, उगीच जीव गुंततो.

"घर तूच वीक," तिने ताईला सांगितलं. "आणि दलाली घे. फुकट काम केलेलं यांना आवडलं नसतं."

म्हणजे ताई विकणाऱ्याची दलाल झाली. दादाच्या खुर्चीचं काम तिच्याकडे आलं. दादाच्या टेबलाशी बसायचं धाडस मात्र तिला झालं नाही. ती आपली भिंतीकडेच बसायची आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं टाळायची.

धंदा बसत चालला होता. विकणारे यायचे ते दादाच्या शब्दावर, आणि आता दादाच नव्हता. ऑफिसचं भाडं थकलं. अशात एक दिवस टायवाला आला. समोरच्या काचेच्या मोठ्या ऑफिसातला हा दलाल भर उन्हाळ्यातही गळ्याला टाय आवळून हिंडायचा, म्हणून त्याला हे नाव. त्याच्याकडे एक बसचालक आणि त्याची बायको असं गिऱ्हाईक होतं. डेपो जवळ पडतो म्हणून त्यांना दादाच्या इमारतीतच घर हवं होतं, आणि मागाल तो भाव द्यायची तयारी होती. नुसती किल्ली द्या, म्हणाला, दाखवून आणतो.

ताईने मनातल्या मनात हिशेब केला. टायवाल्याने गिऱ्हाईक नेलं की उंबरठ्याचा हक्क त्याचा. घेणाऱ्याची दलाली त्याच्या खिशात आणि आपल्या हाती एकच बाजू. आपणच गिऱ्हाईक आणलं तर दोन्ही बाजू. भाव थोडा इकडेतिकडे झाला तरी ऑफिस वाचतं. आणि वहिनीला आपण कुठे टाकतोय, मागाहून काही ना काही देऊच की. माणूस स्वतःला गंडवायला बसला की त्याच्यासारखा हुशार कोणी नसतो.

"उशीर केलात," ती टायवाल्याला म्हणाली. "घराचं बोलणं झालंय."

टायवाला उठला. जाताना त्याने दादाच्या खुर्चीकडे एकदा बघितलं, एवढंच.

पहिलं गिऱ्हाईक तिने आणलं ते एका नर्सबाईचं. सोबत तिची मावशी होती. दुपारची वेळ, जिन्यात कुणी नाही. ताईने कुलूप काढलं, दोघींना आत सोडलं आणि तेवढ्यात फोन आला म्हणून ती बाहेरच थांबली. बोलून आत जाते तो दोघी परत निघाल्या होत्या. नर्सबाई म्हणाली, घर चांगलंय हो, पण आतल्या भिंतीला ओल आहे ती काढायची म्हणजे मोठा खर्च. बरं झालं, त्या गृहस्थांनी आधीच दाखवलं.

कुठले गृहस्थ, असं ताईने विचारलं. आतल्या खोलीतले, मावशी म्हणाली, करड्या स्वेटरमधले. फार सज्जन माणूस, आधी ओल दाखवली आणि मग खिडकी.

शेजारचं कुणीतरी शिरलं असेल, अशी ताईने मनाची समजूत घातली. पण शिरणार कुठून? कुलूप तिनेच काढलं होतं आणि दारात तीच उभी होती. दोघी गेल्यावर ती आतल्या खोलीत गेली. कपाट जिथे असायचं तिथे भिंतीवर हातभर ओल उतरली होती. सामान हललं त्या दिवशी तिने स्वतः ही भिंत बघितली होती, कोरडी खडखडीत होती. तिने हात लावून पाहिला. हाताला गार लागलं आणि तिने तो झटकन मागे घेतला.

पुढच्या खेपेला तिने खबरदारी घेतली. एक निवृत्त मास्तर घर बघायला येणार होते, त्यांच्या आधीच ती जाऊन पोचली. जिना चढताना तिला पाण्याचा आवाज आला. आधी वाटलं वरच्या मजल्यावर कुणी धुणं काढलंय. दार उघडलं तर घरातले सगळे नळ धो धो वाहत होते, स्वयंपाकघरातला, बाथरूममधला, अगदी बेसिनचा गंजून बसलेला, जो दादाला कधी फिरवता आला नव्हता तोसुद्धा. गच्चीवरून येणाऱ्या पाण्याचा मुख्य कॉक तिने स्वतःच्या हाताने बंद केला होता. ती धावत गच्चीवर गेली. कॉक बंदच होता. खाली आली तेव्हा नळ थांबले होते, पण बेसिन ओलं होतं.

ताईने घाईघाईने बेसिन पुसलं. धंद्यातली बाई ती, मास्तर आले तेव्हा तोंडभर हसली. सावलीसारखी त्यांच्या मागे राहिली, एका खोलीत एकटं सोडलं नाही. मास्तरांनी सगळं घर बघितलं, मान डोलावली आणि निघताना आतल्या खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याला नमस्कार केला. खाली उतरल्यावर म्हणाले, तुमच्या सोबतच्या माणसाने कानात बरोबर सांगितलं, स्वयंपाकघरात दुपारनंतर उजेड नसतो. माझ्या डोळ्यांना ते जमायचं नाही.

आता ताईला कळून चुकलं होतं. कळलेलं ती स्वतःला सांगत नव्हती, इतकंच. दोन्ही गिऱ्हाइकं तिने आणलेली आणि दोन्ही गिऱ्हाइकांना घर दाखवलं होतं दुसऱ्याच कुणीतरी. दादा रागावलाय, तिला वाटायचं. तिने रिकाम्या ऑफिसात रिकाम्या खुर्चीला दरडावून विचारलं, की भाडं तू भरणार आहेस का?

महिना सरत आला. शेवटी औषधांच्या दुकानाचा मालक तयार झाला, पण भाव त्याने बराच खाली आणला. ताईने वहिनीला फोन केला. एवढं एकच गिऱ्हाईक आहे, असं सांगितलं.

"येतील तेवढे घे," वहिनी म्हणाली. "शिंप्याची जागा राहू दे. लेकीकडे राहीन पडून. मला असं किती लागतं?"

त्या रात्री ताईला जेवण गेलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी ती औषधवाल्याला घेऊन निघाली, बयाणा घ्यायला. दोन्हीकडची दलाली मिळणार होती. ऑफिस वाचणार होतं.

तिसऱ्या मजल्यावर पोचताच ती जागच्या जागी थिजली. दाराबाहेर तपकिरी बुटांचा जोड होता, टोकं जिन्याकडे करून ठेवलेला. डाव्या बुटाची नाडी मध्ये गाठ मारून जोडलेली. ती गाठ तिने स्वतः मारून दिली होती, ऑफिसात बसल्या बसल्या. दादा गेल्यावर वहिनीने ते बूट रखवालदाराला देऊन टाकले होते आणि रखवालदार तर नोकरी सोडून गावी गेला होता.

औषधवाला बूट बघून म्हणाला, अरे वा, आले वाटतं आमचे, मागच्या खेपेला आतल्या खोलीत भेटलेले.

ताईने कुलूप काढलं. औषधवाला सरळ आत गेला, जरा बोलून येतो म्हणाला आणि आतल्या खोलीत शिरून त्याने दार लोटून घेतलं. ताई बाहेरच्या खोलीत उभी. भर दुपार, खालून रस्त्यावरची रहदारी ऐकू येतेय, आणि बंद दाराआडून दोन माणसं हळू बोलतायत. एक आवाज औषधवाल्याचा. दुसऱ्यातले शब्द कळत नव्हते, पण मध्येच तो आवाज खोकल्यासारखं हसला. ते हसणं तिने रोज समोरच्या टेबलावरून ऐकलं होतं.

औषधवाला बाहेर आला. मोठा खुशीत होता.

"आमचे दलाल म्हणतायत, बाईंना महिनाअखेरची घाई आहे," तो म्हणाला. "अजून खाली या, नाहीतर राहू द्या."

महिनाअखेरचं तिघांनाच ठाऊक होतं. ताईला, वहिनीला आणि शिंप्याला. ताईला आधी संताप आला. बायको सोफ्यावर झोपतेय आणि हा मेलेला माणूस तिच्याच घराचा भाव पाडायला बसलाय? दादा, जनाची नाही तर मनाची तरी, असं ती जवळजवळ बोललीच. आणि बोलता बोलता थांबली.

दादा कुठे रागावला होता? तो आपलं काम करत होता. घेणाऱ्याची बाजू तिने रिकामी ठेवली होती, म्हणून तो तिथे येऊन उभा राहिला होता. घेणाऱ्याच्या दलालाने जे करायचं तेच तो करत होता. खोट दाखवत होता, नळ सोडून बघत होता, विकणाऱ्याची नड ओळखून भाव पाडत होता. बायको असो की आणखी कुणी, त्याने कधी हात राखून काम केलं नव्हतं. औषधवाल्याच्या बाजूने दादा उभा होता. वहिनीच्या बाजूने कोणीच नव्हतं. ती जागा तिची होती आणि ती तिथे उभीच राहिली नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा तिला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं.

तिने पिशवी खाली ठेवली. लोटलेल्या दारासमोर जाऊन उभी राहिली, ऑफिसात टेबलापलीकडे राहायची तशी.

"दादा, या भावाला नाही," ती मोठ्याने म्हणाली. "माझं गिऱ्हाईक विकणारं आहे. बसचालक पूर्ण भाव द्यायला तयार आहे आणि मी त्याला लपवून ठेवलंय. आता नाही लपवणार. मागितलंय त्याच्या खाली एक पैसा उतरणार नाही."

वेड लागलेल्या बाईकडे बघावं तसा औषधवाला तिच्याकडे बघत राहिला. दाराआड काही हललं नाही. ताई थांबली नाही. ओल आहे तर आहे, म्हणाली, खर्च सांगून विकीन. उजेड नाही तर नाही, बसचालक पहाटे निघतो, त्याला दुपारचा उजेड काय करायचाय. गुडघे गेलेली बाई तळमजल्यावर जायला हवी आणि ती जाईल. बोलता बोलता तिचा आवाज चढला, जुन्या सवयीने तिने हातसुद्धा नाचवले, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

मग आतून टकटक ऐकू आली. दोनदा.

दाराची नव्हती ती. ते दार पोकळ होतं, त्यावर वाजवलं की फुसका आवाज यायचा. ही चांगली भरीव होती, टेबलावरची. औषधवाल्याने पुढे होऊन दार ढकललं. खोलीत टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती, माणूस तर नव्हताच. खिडकी आतून बंद होती. औषधवाला एकदा खोलीकडे आणि एकदा ताईकडे बघून आलोच म्हणाला, आणि जिना असा उतरला की त्याच्या वजनाच्या माणसाला शोभला नाही. पुन्हा त्याने ताईच्या ऑफिसावरून जाणंसुद्धा सोडलं. ताई दाराबाहेर आली तेव्हा बूट तिथे नव्हते.

तिथूनच तिने टायवाल्याला फोन केला. मी खोटं बोलले, घर मोकळं आहे, गिऱ्हाईक आणा, म्हणाली. टायवाल्याने जरा घसा खाकरला. मला त्याच दिवशी कळलं होतं, म्हणाला, पण तुमच्या दादांच्या ऑफिसात तुम्हाला खोटं पाडायला जीभ उचलली नाही.

बसचालक आणि त्याची बायको दुसऱ्या दिवशी आली. नळ या खेपेला ताईलाच सोडावे लागले. तिने आधी ओल दाखवली, उजेडाचं सांगितलं, मग खिडकी उघडली. टायवाला घेणाऱ्यांच्या बाजूने भांडला, आणि टाय सैल करून चांगला भांडला. ताई वहिनीच्या बाजूने भांडली. ओलीचा खर्च सोडून घर मागितलेल्या भावाला गेलं. त्या खर्चापुरते पैसे तिने आपल्या दलालीतून सोडले आणि वहिनीला पूर्ण रक्कम मिळेल असं बघितलं. घेणाऱ्याची दलाली टायवाल्याने घेतली, त्याच्या हक्काची. आतल्या खोलीत कुणी कुणाला दिसलं नाही.

वहिनीला तिने सगळं सांगितलं, लपवलेल्या गिऱ्हाइकासकट. लेकीच्या गॅलरीत दोघी बसल्या होत्या. ताईला वाटलं, आता हिने तोंड फिरवलं तरी आपल्याला बोलायला जागा नाही. वहिनीने बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा केला. विचारलं ते भलतंच.

"शेवटी टकटक कुणी केली?"

"दादाने."

"माझ्याशी भांडताना जन्मात कधी केली नाही हो यांनी," वहिनी म्हणाली. ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग ताईही रडली. माफ केलं की नाही ते वहिनी बोलली नाही, पण चहा तिनेच उठून केला, दुखऱ्या गुडघ्यांनी.

महिना संपायच्या आत ताई तिला रिक्षात घालून शिंप्याच्या जागेवर घेऊन गेली. शिंप्याला दलाल नव्हता, तो स्वतःच विकत होता. ताई या खेपेला घेणाऱ्याच्या बाजूने होती, म्हणजे तिच्या मूळच्या खुर्चीवर. वाटेत ती वहिनीला सांगत होती, की आधी मी नळ सोडून बघते, मग तुम्ही निवांत फिरून बघा. वहिनी नुसती हं हं करत होती.

दारात वहिनीने चपला काढल्या. टोकं रस्त्याकडे करून ठेवल्या. वहिनीला ही सवय कधीच नव्हती. मग भिंतीला धरून ती आत गेली ती सरळ मागच्या खिडकीशी. शिंप्याला म्हणाली, हिची कडी बसत नाही, पावसात पाणी आत येतं. मग अंगणाच्या दाराशी थांबून पायाने एक फरशी दाबली आणि म्हणाली, ही खालून पोकळ आहे, सगळी काढून बसवावी लागेल. तेवढं भावातून सोडा. शिंपी गडबडला. फरशीचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, ताईलासुद्धा नाही. त्याने भाव उतरवला.

ताईच्या हातातला जुडगा वाजायचा थांबला.

"वहिनी, तुम्ही इथे आधी कधी आलात?"

"आले होते," वहिनी म्हणाली. तिने अंगणाकडे तोंड केलं होतं. "मी नको म्हणत होते, जीव गुंततो म्हणून. पण चल म्हणाले, आधी खोट तर बघून घे."

स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज येत होता. ताई आत गेली. नळ चालू होता, पाणी स्वच्छ होतं. तिने तो हलकेच बंद केला.

सौदा ठरला तेव्हा शिंप्याने कागदावर सही केली. माणूस सरळ होता. त्याने ताईकडे वळून विचारलं, की बाईंना ही जागा तुम्ही आणून दाखवलीत, तर घेणाऱ्याची दलाली कागदावर तुमच्या नावाने लिहू ना?

"नको," ताई म्हणाली. "ती माझी नाही. मी यायच्या आधीच यांना घर दाखवून झालं होतं."

दारात चपला घालायला ती वाकली तेव्हा तिच्या लक्षात आलं. येताना वहिनीच्या चपलांना लागून जागा मोकळी होती, तरी तिने आपल्या चपला एका जोडापुरती जागा सोडून पलीकडे काढल्या होत्या. का ते तिला त्या वेळी सुचलं नव्हतं. ती चपला घालून पायरीवर उभी राहिली आणि वहिनीला निवांत येऊ दिलं.